सुटे भाग

पत्रिका पाहण्याचे शास्त्र खरे की खोटे, या वादात मला शिरायचे नाही. त्या शास्त्राचे एक मर्म मात्र व्यवहारात पदोपदी पटते. वधू गुणी असली आणि वरही गुणी असला, म्हणजे जोडा जमलाच असे नाही. २०२३ सालच्या दिवाळीच्या सुमारास चिरंजिवांसाठी खेळण्याजोगा संगणक जुळविण्याचे काम अंगावर आले, आणि नेहरू प्लेसच्या फरसबंद चौकात उभ्या उभ्या या मर्माची मला नव्याने ओळख झाली.

खेळण्यासाठी संगणक, असे म्हटल्याबरोबर कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल. आमच्याही घरी ती पडली होती. परंतु बदलीच्या नोकरीत मुलांचे काय होते, हे आपल्यापैकी कोणाला निराळे सांगायला नको. भोपाळ, गुवाहाटी आणि आता दिल्ली. आम्हां मोठ्यांना प्रत्येक गावी महाराष्ट्र मंडळ सापडते, गणपतीची वर्गणी मागायला कोणी तरी येते आणि पुरणपोळीच्या निमित्ताने चार घरे जोडली जातात. मुलाला मात्र दर वेळी अनोळखी वर्गात मागच्या बाकापासून सुरुवात करावी लागते. चिरंजिवांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. भोपाळचा एक मित्र, गुवाहाटीचा एक आणि हे, असे तिघे रात्री नऊच्या सुमारास एका खेळात भेटत. खेळ कसला, तो कट्टाच म्हणा ना. पुढे त्या दोघांनी अधिक भारी खेळ धरला आणि आमच्या जुन्या लॅपटॉपने माघार घेतली. "बाबा, ते दोघे आता पुढच्या खेळात गेले," एवढेच तो म्हणाला. हट्ट नाही, त्रागा नाही. मला तो हट्ट धरता तर नकार देणे सोपे गेले असते.

मंजूर रक्कम ठरली ६०,००० रुपये. मॉनिटर जुनाच चालवायचा, ही गृहखात्याची अट.

आयता संगणक घेण्यापेक्षा सुटे भाग आणून तो जोडावा, हा शिरस्ता नेहरू प्लेसला जुना आहे. एका बाजूला कापडाची दुकाने, दुसऱ्या बाजूला संगणकाची, आणि दोहोंकडे भाषा एकच: "साहब, सब चलेगा." या 'सब चलेगा'पासून सावध राहणे हीच सगळ्या खरेदीची किल्ली आहे. कारण येथे सगळे काही चालत नाही. प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, तेथे तर तडजोडीला जागाच नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर एएम५च्या बोर्डावर बसत नाही. पहिल्यात टाचण्या प्रोसेसरच्या अंगाला असतात, दुसऱ्यात त्या बोर्डावर असतात. पत्रिकेच्या भाषेत ही एकनाड. पुढचे गुण मोजण्याचे कारणच उरत नाही. रॅमचेही तसेच. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ टोके असतात, दिसायलाही त्या सख्ख्या बहिणी. परंतु मधली खाच मुद्दाम निरनिराळ्या जागी ठेवलेली असते, म्हणजे कोणी जुलूम करून बसवू म्हटले तरी बसू नये. ज्याने ही खाच योजिली त्याला मनुष्यस्वभावाची चांगली पारख असली पाहिजे.

चिरंजिवांचे म्हणणे, एएम५ घ्यावे, पुढे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर चढविता येईल. म्हणणे चुकीचे नव्हते. एएम५ २०२२ सालचे, एएम४ची रायझन मालिका २०१७ पासूनची. पण नव्या सॉकेटबरोबर महाग बोर्ड आणि महाग रॅम यायची, आणि ती रक्कम अखेर ग्राफिक्स कार्डातून कापली जायची. खेळाची चित्रे तर तेच कार्ड काढते. दोन संध्याकाळ आमचा हा खल चालला. शेवटी रायझन ५ ५६००, डीडीआर४ आणि आरएक्स ६६०० कार्ड असा आराखडा तयार झाला. प्रोसेसर दणकट आणि कार्ड दुबळे, किंवा याच्या उलट, असे झाले की बलवान भाग दुबळ्याची वाट पाहत स्वस्थ बसून राहतो. कचेरीत एका टेबलावर अडलेल्या फायलीमुळे साऱ्या विभागाला विसावा मिळतो, त्यातलाच हा प्रकार.

खरी गंमत बोर्डाची झाली. दुकानदाराने बी४५० जातीचा बोर्ड पुढे केला. बोर्डाची ही जात २०१८ सालची, प्रोसेसर २०२२ सालचा. सॉकेट एकच, यादीप्रमाणे दोघे पात्र. परंतु बोर्डाच्या पोटातली बायॉस नावाची मूळ आज्ञावली जुनी असेल तर तो या प्रोसेसरला ओळखच देत नाही. बदलीचा हुकूम हाती घेऊन आपण रुजू व्हायला जावे आणि तेथील हेडक्लार्कने "आमच्याकडे प्रत आलेली नाही" म्हणून बाहेरच्या बाकावर बसवावे, असा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे चटकन कळेल. आम्ही आज्ञावली बदलून मागितली. दुकानातल्या पोऱ्याने एक जुना, बोर्डाच्या ओळखीचा प्रोसेसर तात्पुरता बसविला, त्याच्याकरवी नवी आज्ञावली चढविली आणि मग त्याला उठवून आमचा बसविला. बदली अधिकाऱ्याने चार्ज सांभाळून सोपवून द्यावा, तितक्या शिस्तीत हे झाले.

रॅमच्या बाबतीत चिरंजीव ठाम होते: १६ जीबीची एक पट्टी नको, ८ जीबीच्या दोन हव्यात. प्रोसेसरला दोन वाटांनी एकाच वेळी माहिती पोहोचते आणि खेळात त्याचा फरक दिसतो.

वाद झाला तो एसएमपीएसवर, आणि तेथे मी हटलो नाही. कॅबिनेटबरोबर एक एसएमपीएस जवळजवळ फुकटात मिळत होता. वर मोठ्या अक्षरांत मोठा आकडा, हाताला मात्र पिसासारखा हलका. हिशेब आम्ही कागदावर मांडला. प्रोसेसर भरात आला म्हणजे ७६ वॉट घेतो, कार्ड १३२. इतर भागांना सढळ हाताने धरले तरी एकूण ३००च्या आत. परंतु कार्डाची भूक क्षणभर एकदम वाढते, तेव्हा वर मोकळी जागा हवी. आम्ही प्रतिष्ठित बनावटीचा ५५० वॉटचा घेतला. लोक ८० प्लसचा शिक्का पाहून निश्चिंत होतात. पण तो शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जात नाही, एवढेच सांगतो. माणूस काटकसरी आहे यावरून तो संकटात पाठीशी उभा राहील, असे कसे म्हणावे? सगळ्या भागांना रोजचे अन्न हाच घालणार, आणि हा बिघडला तर जाताना चार जणांना घेऊन जाण्याची धास्ती. स्वस्त निविदा स्वीकारण्याची जागा ही नव्हे.

कॅबिनेट निवडताना टेप लागली. काही कार्डे वीस सेंटिमीटरांत आटोपतात, काही तिसाच्या पुढे जातात, आणि पेटी आधी ठरलेली असली की मग कपाळाला हात लावावा लागतो. आमच्या मंडळी तेवढ्यात शेजारच्या दुकानातून पडद्याचे कापड घेऊन आल्या. पेटीची पुढची बाजू बंद काचेची पाहून त्या म्हणाल्या, "यात वारा कुठून जाणार?" आम्ही जाळीची पेटी घेतली.

रविवारी रामकृष्णपुरमच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर चिरंजिवांनी सारे स्वतः जोडले. जुना मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. कार्डाला त्याहून पुष्कळ जमते, ते तूर्त बिनपगारी. रात्री नऊला दाराआडून मला तीन आवाज ऐकू आले. कोणी तरी आसामी वळणाच्या हिंदीत विचारीत होते, इतके दिवस कुठे होतास म्हणून. हे महाशय हसत होते. दिल्लीला आल्यापासून इतक्या मोठ्याने हसल्याचे मला आठवत नाही.

घरात माळ्यावर जागा नाही, तरी कार्डाचे आणि पेटीचे रिकामे खोके मी टाकू दिलेले नाही. बदली झाली की कार्ड काढून निराळे बांधावे लागेल. ट्रकच्या हादऱ्यांत त्याच्या वजनाने बोर्डावरची खाच उखडू शकते. खोक्यातला फेसाचा साचा त्याच्या मापाचा आहे.