सिद्धरामाच्या तळ्याकाठी

सोलापूरला तुम्ही कधी ना कधी आलाच असाल. कोणी कांद्याची गाडी घेऊन, कोणी दवाखान्यासाठी, कोणी कोर्टाच्या तारखेला. पुढच्या खेपेला तासभर राखून ठेवा आणि सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन या. एका अंगाला भुईकोट किल्ल्याची तटबंदी, समोर तळे आणि पाण्याच्या मधोमध देऊळ. दर्शन झाले की लगेच स्टँडची वाट धरू नका. घटकाभर काठावर बसा. हे तळे आयते मिळालेले नाही. बाराव्या शतकात माणसांनी खणून ते केले, असे परंपरा सांगते.

आपला मुलूख कमी पावसाचा. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. उजनी धरण पुरे झाले १९८० साली. हिप्परग्याचा एकरुख तलाव इंग्रजांनी १८७१ साली बांधला. त्याच्या कितीतरी आधी, सोलापूरचे नाव सोन्नलगी होते त्या काळी, इथल्या एका शेतकऱ्याच्या पोराने पाणी अडवण्याचा विचार केला. तोच शिवयोगी सिद्धराम. बसवेश्वरांचा समकालीन. राघवांक या कन्नड कवीने त्याचे चरित्र काव्यात लिहून ठेवले आहे.

गोष्ट तुम्ही ऐकली असेल, तरी पुन्हा सांगतो. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांचा हा मुलगा शेत राखत बसलेला असतो. एक जंगम येतो, नाव सांगतो मल्लय्या. मुलगा त्याला हुरडा भाजून देतो. पाहुणा म्हणतो, आता दहीभात हवा. पोर धावत घरी जाते, आईकडून दहीभात घेऊन येते, तर पाहुणा नाहीसा! मुलगा मल्लय्या, मल्लय्या अशा हाका मारीत यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलापर्यंत जातो. तिथे देव भेटत नाही म्हणून कड्यावरून उडी टाकायला निघतो, तेव्हा मल्लिकार्जुन त्याचा हात धरतो. आणि काय सांगतो? इथे राहू नको. माघारी जा आणि आपल्या गावाचेच श्रीशैल कर.

सिद्धराम परत आला. त्याने देवळे उभारली, अडुसष्ट लिंगे स्थापली आणि माणसे जमवून तळे खणायला घेतले.

मी शेती खात्यातला माणूस. बी.एस्सी. करून नोकरीला लागलो तेव्हा अशा गोष्टींकडे मी कीर्तनापुरत्या गोष्टी म्हणून पाहत असे. माझे मत कसे बदलले ते सांगतो.

२०१२ सालचा पाऊस दगा देऊन गेला होता. दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका गावचे तळे नोव्हेंबरातच आटले. तळे जुने, पण निम्म्याहून अधिक गाळाने भरलेले. मी गावात सभा घेतली. फळ्यावर आकडे मांडले. एक घनमीटर गाळ काढला की हजार लिटर पाण्याला जागा होते, शंभर घनफुटांची एक ट्रॉली म्हणजे पावणेतीन हजार लिटरच्या वर. शिवाय गाळ हलक्या रानात पसरला तर जमीन सुधारते. सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी तळ्यावर मी, ग्रामसेवक आणि दोन कुत्री, एवढेच हजर होतो.

मला राग आला. लोकांना स्वतःचे हित कळत नाही, असे मी चार ठिकाणी बोललोही. ते बोलणे चुकीचे होते.

जानेवारीत वेळ अमावास्या आली. आपल्याकडे त्या दिवशी घरे ओस आणि राने भरलेली असतात. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. एका घरचे आग्रहाने बोलावणे होते. जेवणे झाल्यावर त्या घरची आजी कोपीपाशी पोरांना हीच मल्लय्याची गोष्ट सांगू लागली. हुरडा झाला, दहीभात झाला, कडा झाला. मग म्हणाली, “देवानं हात धरला, पर टोपली काय देवानं उचलली न्हाई. ती सिद्धरामानं उचलली. एक टोपली माती भाईर, एक टोपली पाणी आत.”

वाचकहो, मी फळ्यावर अर्धा तास जे सांगितले होते, ते आजीने एका वाक्यात सांगितले.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “साहेब, तुमचं समदं खरं हाय. पर तुम्ही इचारलं का, वरच्या आळीतला गाळ काढंल आन् पाणी खालच्या आळीलाच मिळंल का म्हून? त्येच भांडान हाय हितं.”

हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते.

दोन दिवसांनी सोलापूरची गड्ड्याची यात्रा सुरू झाली. गावातले बरेच जण निघाले, मीही गेलो. ही यात्रा पाहिली नसेल तर एकदा पाहाच. सिद्धरामाशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येला त्याने आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितले, ही कथा. दर संक्रांतीला तो सोहळा होतो. बाराबंदी घातलेले भक्त, वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे सात उंच नंदीध्वज. ध्वज एक गडी कमरेच्या पट्ट्यावर तोलतो, पण चहूबाजूंनी सांभाळणारे हात नसतील तर तो दहा पावलेही जाणार नाही. पहिल्या दिवशी हे ध्वज अडुसष्ट लिंगांना फिरतात. आपण जिला शिवारफेरी म्हणतो, तीच ही, असे मला त्या दिवशी वाटले. आणि अक्षता कुठे पडतात? संमती कट्ट्यावर. आधी संमती वाचायची, मग अक्षता.

माझ्याजवळ वरिष्ठांची मंजुरी होती. गावाची संमती नव्हती.

यात्रेहून परतल्यावर गावच्या पारावर दोन्ही आळ्या बसल्या. त्या रात्री मी भाषण केले नाही. पाण्याच्या वाटपावर तीन रात्री वाद झाला. शेवटी ठरले की तळ्यातून कोणी मोटार लावायची नाही. पाणी जनावरांना आणि विहिरींच्या पाझराला. गाळ मात्र ज्याच्या त्याच्या ट्रॉलीने, लहान शेतकऱ्याला आधी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत काम चालले. पुढच्या पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरल्या असे नाही, पण पिण्याच्या पाण्याची विहीर उन्हाळ्यात टिकली. त्या गावाला एवढे पुष्कळ होते.

गोष्टीने सगळे होते, असे मात्र समजू नका. गोष्ट माणसे जमवते. कुठे खणायचे ते मोजणीच सांगते. बांधाच्या पायथ्याला लागून खणू नये, गाळाखालचा घट्ट थर फोडू नये, सांडवा मोकळा ठेवावा. हे आजीच्या गोष्टीत नव्हते, ते मला सांगावे लागले. यात्रेत होमाच्या रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू धान्य, गूळ, भाजी यांपैकी कशाला तोंड लावते, यावरून वर्ष कसे जाईल ते सांगतात. ती श्रद्धेने ऐका, पण पेरणी जमिनीची ओल पाहूनच करा.

आता पुन्हा सिद्धरामाच्या तळ्याकाठी येऊ. परवा मी तिथे बसलो होतो. काठाला निर्माल्याच्या पिशव्या तरंगत होत्या. टाकणारे त्याच सिद्धरामाला हात जोडून परतत होते. गोष्ट तोंडी राहिली, टोपली विसरली, की असे होते.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावालाही एखादे तळे, बारव, ओढा असेल, आणि ते कोणी व कशासाठी केले याची गोष्ट एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असेल. येत्या वेळ अमावास्येला जेवणे झाली की ती सांगायला लावा. पोरांना जवळ बसवा. गोष्ट संपली की त्यांना घेऊन त्या जागेवर जा आणि आज तिथे काय आहे ते दाखवा. जाताना एक रिकामी टोपली बरोबर असू द्या.