पाटाच्या काठानं : कापिलेइराची दैनंदिनी (भाग दुसरा)

१२ मे

मागच्या भागाच्या शेवटी मी ग्रॅनाडाहून निघालेल्या बसमध्ये होते. ती बस पोकेइराच्या दरीत वळणं घेत चढली आणि मला कापिलेइराला उतरवून गेली. दक्षिण स्पेनमधल्या सिएरा नेवादा डोंगराच्या दक्षिण उताराला आल्पुहारा म्हणतात. त्या उतारावर या एकाच दरीत पाम्पानेइरा, बुबिऑन आणि कापिलेइरा अशी तीन गावं एकावर एक चढत गेली आहेत. कापिलेइरा सर्वांत वरचं, १४३६ मीटरवर. कळसूबाईपेक्षा थोडंसंच खाली, पण डोक्यावर अजून दोन हजार मीटर डोंगर उभा आणि त्यावर मे महिन्यातही बर्फाचे पट्टे.

सकाळी गावाच्या वरच्या अंगाला गेले आणि खाली पाहिलं. भिंती चुन्यानं पांढऱ्याफेक, छपरं मात्र सपाट आणि राखाडी मातीची. छपरांतून टोपी घातल्यासारखी गोल धुराडी वर आलेली. अरे, ही तर धाबी! साक्री तालुक्यातलं आमचं जुनं घर धाब्याचंच होतं. पावसाळ्याआधी माझे वडील, अण्णा, वर चढून पांढरी माती पसरायचे आणि आम्ही पोरं ती तुडवायचो. इथे चेस्टनटच्या तुळया टाकतात, त्यावर डोंगरातल्या दगडाच्या चपट्या फरश्या आणि सगळ्यात वर लाऊना नावाची निळसर करडी माती. ही माती ओली झाली की घट्ट बसते, पाणी खाली उतरू देत नाही. ज्यांच्या घरी उतरले आहे त्या मावशी म्हणाल्या, त्यांचे वडील लाऊना फक्त कृष्णपक्षात पसरायचे, नाहीतर छप्पर गळतं म्हणायचे. घरं बांधण्याची ही रीत समुद्रापलीकडच्या उत्तर आफ्रिकेतल्या डोंगरगावांशी जुळते.

१३ मे

बुबिऑनवरून पाम्पानेइराला उतरले. वाट सोपी, तासाभराची, पण मला तिन्हीसांजेपर्यंत पुरली. पाम्पानेइरातल्या एका उताराच्या गल्लीत मधोमध दगडी पन्हळ आहे आणि तिच्यातून वीतभर पाणी खळाळत जातं. दोन्ही बाजूंना दारं, दारांत कुंड्या. एक आजी उंबऱ्यावर बसून त्या पाण्यात सॅलडची पानं धूत होत्या.

दरीतली सगळी गंमत या पाण्यात आहे हे मला आज कळू लागलं. इथल्या पाटाला आसेकिया म्हणतात. शब्द मूळचा अरबी, आणि पाट काढणारेही अरबी बोलणारेच. १४९२ मध्ये ग्रॅनाडाचं मुस्लिम राज्य गेलं, तरी ही शेतकरी माणसं डोंगरात राहिली. पुढे त्यांच्यावर धर्म, भाषा, पेहराव सगळं सोडण्याची सक्ती झाली आणि १५६८ मध्ये आल्पुहारात उठाव झाला. तो मोडल्यावर त्यांना इथून हुसकून लावलं आणि गॅलिसिया, लेऑन, कॅस्टील अशा उत्तरेकडच्या मुलखांतून नवी कुटुंबं आणून वसवली. असं सांगतात की प्रत्येक गावात जुनी दोन कुटुंबं मुद्दाम ठेवून घेतली होती, कारण नव्या माणसांना पायऱ्यांची शेतं आणि पाट सांभाळता येईनात. ज्यांचे सगळे आप्त गेले, त्यांनीच नवख्यांना पाणी वळवायला शिकवायचं. त्या दोन घरांत संध्याकाळी काय बोलणं होत असेल, हे परतीच्या चढावर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

१४ मे

आज नदी. कापिलेइराच्या खालच्या टोकाहून पायवाट पोकेइरा नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत उतरते. पूल ओलांडला आणि पलीकडच्या अंगानं चढत, नदीच्या वरच्या दिशेनं ला सेबादियाला गेले. जलविद्युत केंद्राच्या कामगारांसाठी वसवलेली ही वस्ती. आता घरं ओस, चर्चच्या भिंतीला झुडपं फुटलेली. फार थांबवलं नाही.

थांबले ते वाटेतल्या खळ्यावर. डोंगराच्या पुढे आलेल्या नाकावर दगडांनी फरसबंदी केलेलं गोल अंगण. मधल्या दगडापासून दगडांच्या रांगा सायकलच्या आऱ्यांसारख्या कडेपर्यंत गेलेल्या. आपल्याकडे खळं शेणानं सारवतात, मधे तिवडा रोवतात. इथे खेचरं फिरायची. जागा मात्र त्याच हिशेबानं निवडलेली. दुपारी दरीतून वारा वर चढला आणि मी पसरलेला रुमाल उडून गेला. उपणणीला अजून काय पाहिजे?

१५ मे

दिवसभर धुकं आणि भुरभुर पाऊस. मावशींनी मिगास केलं : शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात लसूण घालून बराच वेळ परतलेला. आपल्या फोडणीच्या पोळीची सख्खी बहीण. दोनदा वाढून घेतलं.

१६ मे

आजच्यासाठी आले होते असं म्हटलं तरी चालेल.

सकाळी लख्ख ऊन. गावाच्या वर पाइनच्या जंगलातून चढून एका पाटाला लागले. पाटाच्या काठाची वाट म्हणजे चालणाऱ्याचं सुख. चढ नाही, उतार नाही, डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरायचं आणि बाहेर यायचं. पाट दोन हात रुंद. तळाला पापुद्र्यांचा अभ्रकी खडक, त्यामुळे ऊन पडलं की पाण्याखाली चांदीचा चुरा सांडल्यासारखं दिसतं. काठाला हिरवंगार गवत, चेस्टनटची झाडं. वरच्या आणि खालच्या उतारावर मात्र खुरटी काटेरी झुडपं. हिरवळीची ती एक रेघ पाटाबरोबर डोंगरभर वळत गेलेली.

एका वळणावर फावडं घेतलेले एक आजोबा भेटले. पाटकरी! त्यांचा शब्द आसेकिएरो. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी सांगितलं की माझं गाव पांझरा नदीच्या काठी आहे, आमच्याकडेही असे पाट आहेत आणि पाणी सोडणारा माणूस गाव नेमतं. त्यांनी फावडं टेकवलं आणि ‘चल’ अशी खूण केली.

पुढे पाटाच्या कडेला एक चपटा दगड उभा रोवलेला होता, भोवती गवताच्या ढेपा. त्यांनी फावड्यानं दोन ढेपा उचलल्या, दगड थोडा वाकडा केला. पाणी क्षणभर अडखळलं, फुगलं आणि बाजूच्या उतारावर सांडलं. दारं धरणाऱ्या माणसाचे हात कुठेही ओळखू यावेत. मला वाटलं, खाली कुणाचं शेत भिजतंय. पण खाली शेत नव्हतंच. नुसता दगडगोट्यांचा उतार. पाणी त्यात शिरलं आणि वीस-पंचवीस पावलांवर नाहीसं झालं.

याला इथे कारेओ म्हणतात. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात बर्फ वितळतं, नद्या भरतात आणि नुसत्या धावत सुटतात. तेव्हा उंचावर पाट काढून ते पाणी आडवं फिरवायचं आणि जिथे डोंगर पाणी पितो अशा जागा हेरून तिथे सोडून द्यायचं. पाट गळका असतो, तो तसाच राहू द्यायचा. जिरलेलं पाणी खडकाच्या भेगांतून हळूहळू उतरतं आणि काही आठवड्यांनी, कुठे काही महिन्यांनी, खालच्या झऱ्यांना लागतं. बर्फ संपून उन्हाळा तापला की गावाला आणि शेताला तेच पाणी मिळतं. भिंतीचं धरण नाही, पंप नाही. सगळा डोंगरच साठवण. कोणतं पाणी कोणत्या झऱ्याला निघतं हे पाटकऱ्याला माहीत असतं. आजोबांनी हातवारे करून दोन झरे दाखवले, एक गावाच्या या अंगाला, एक त्या अंगाला.

मी विचारलं, पाटाला सिमेंट का नाही केलं? त्यांनी दरीपलीकडे हात केला. तिकडे एका पाटाचं पाणी नळात घातलं, तर खालची चेस्टनटची झाडं वाळली, असं ते म्हणाले. ऐकून मी गप्प झाले. आमच्या पाटाचं अस्तरीकरण झालं तेव्हा मी शाळेत होते. पाणी वाया जाणार नाही म्हणून गावात पेढे वाटले होते. पुढच्या काही वर्षांत काठावरची दोन्ही जांभळं वाळली आणि खालच्या विहिरीला जानेवारीतच तळ दिसू लागला. तेव्हा ‘वाया’ या शब्दाबद्दल कुणाला शंका आली नाही. मलाही नाही.

मग मी त्यांना आमची फड पद्धत सांगू लागले. आमच्याकडे बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडतात आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांना वाटून जातो. आजोबांना हे वाटेवर दगड मांडून दाखवलं. त्यांनी एक दगड स्वतः उचलून बाजूला ठेवला, ‘हा पडीक?’ अशा अर्थानं माझ्याकडे पाहिलं आणि पाठीवर थाप मारली.

आता ही कामं करणारी माणसं म्हातारी झाली आहेत. कितीतरी पाट सोडून दिलेले, दरडींनी बुजलेले. पण पश्चिमेला कान्यार गावी कित्येक वर्षं बंद पडलेला बार्खासचा पाट ग्रॅनाडा विद्यापीठाच्या लोकांनी, गावकऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून २०१४ मध्ये उपसून पुन्हा वाहता केला. फावडी घेऊन, हातानं. हे ऐकून फार बरं वाटलं.

१७ मे

मुलासेनचं शिखर, ३४७९ मीटर, इथूनही गाठतात. अजून वर बर्फ आहे आणि माझ्याकडे त्याची साधनं नाहीत, म्हणून ते सोडलं. हळहळ वाटली नाही.

रात्री अण्णांना फोन केला. छपरं, खळं, पाणी मुरवणारा पाट, सगळं भराभरा सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “ते ठीक. पाटाला उतार किती दिलाय?”

मला सांगता येईना.

“मग पाहिलं काय तू, बाई?”

१८ मे

दुपारची बस आहे. पहाटेच पुन्हा पाटावर गेले. चेस्टनटचं एक वाळलेलं पान पाण्यात सोडलं आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागले. पान माझ्या नेहमीच्या चालीनं चाललं, ना घाई ना खोळंबा. कुठे मुळाला अडकलं तर काडीनं सोडवत गेले. शंभर पावलं झाल्यावर पलीकडच्या काठाच्या रेषेशी डोळा लावून पाहिलं. उतार जेमतेम टाचेएवढा. आजोबांनी परवा वाकडा केलेला दगड आता सरळ होता, ढेपा दाबून बसवलेल्या, त्यावर फावड्याच्या पात्याचा ओला ठसा. म्हणजे ते माझ्याही आधी येऊन गेले होते.

अण्णांना कळवलं : शंभर पावलांना टाचभर.

उत्तर आलं : बरोबर आहे.