बोर्डिंग नावाचं माणूस

या माणसाशी तुमची ओळख असेलच. नसली तर करून देतो. नाव बोर्डिंग. राहणी साधी: पत्र्याचं छत, चुन्याच्या भिंती, व्हरांड्यात ओळीनं मांडलेल्या ट्रंका, मागे पाण्याचा हौद. स्वभाव कडक, आवाज चढा. आणि एक खोड अशी, की ते भाडं मागत नाही, हात बघतं. "काय काम येतं?" हा त्याचा पहिला प्रश्न. बापाला जमीन किती, हे त्यानं कधी विचारलेलं नाही.

नांदूरघाटकडून आलेल्या पोराला हा प्रश्न अवघड जात नाही. केज तालुक्यातल्या या भागात दहा वर्षांच्या पोराला पाणी भरता येतं, शेरडं राखता येतात, चूल पेटवता येते आणि धाकटं भावंड कडेवर घेऊन दिवस काढता येतो. दसरा सरला की मुकादमाची वाहनं गावात लागतात. ऊसतोडीची उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, कोयते भरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. घरात म्हातारी असेल तर पोरगं तिच्यापाशी राहतं. नसेल तर तेही वाहनात बसतं, कारखान्याच्या तळावर कोपीत राहतं आणि शाळेच्या हजेरीपटातून गळतं. अशा वेळी "ठेवा माझ्याकडे" म्हणणारं माणूस लागतं, आणि ते म्हणजे बोर्डिंग.

पहाटे मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. अंधारात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला पडतो आणि त्या क्षणापासून बोर्डिंगचा पारा चढलेला असतो. अंथरुणाची वळकटी नीट नाही, हौदावर गर्दी केली, प्रार्थनेत जांभई दिली, प्रत्येक गोष्टीवर त्याचं बोलणं ठरलेलं. पांघरुणात शिरून राहिलेलं पोर त्याला न बघताच कळतं. संध्याकाळपर्यंत राग उतरतो. रात्री दिव्याखाली पुस्तक घेऊन पेंगणाऱ्या पोराला ते काही बोलत नाही.

त्याचा सगळा कारभार चालतो पाळीवर. भिंतीवरच्या तक्त्यात नावं लिहिलेली: झाडलोट कोणाची, पाणी कोणाचं, भाजी निवडणं, दळण आणणं, वाढप, भांडी, संडासची सफाई. तक्त्यापुढे कोणाची वट चालत नाही. पाटलाच्या पोराला भांड्यांची पाळी येते आणि त्याच पाटलाच्या सालगड्याचं पोर त्या दिवशी पंगतीत आरामात जेवत असतं. वर्षभर शाळेत समतेवर धडे दिले तरी जे होत नाही, ते राखेनं पातेलं घासताना आठ दिवसांत होतं, असं मला मनापासून वाटतं.

जेवणाच्या बाबतीत बोर्डिंग भाकरीला उदार आणि डाळीला चिक्कू. आमटीत डाळ शोधावी लागते. पण तिचा त्याला कोण अभिमान! आणि नवल म्हणजे तीस-चाळीस वर्षांनी, पोट सुटल्यावर भेटायला आलेले जुने विद्यार्थी तिचंच कौतुक करतात. तेव्हा बोर्डिंग असं फुगतं की विचारू नका. आपल्याकडचा कोण तहसीलदार झाला, कोण मास्तर झाला, कोणी पुण्यात दवाखाना टाकला, ही यादी त्याला तोंडपाठ असते. नापास झालेल्यांची नावंही त्याला आठवतात, पण ती ते कधी काढत नाही. हा त्याचा मोठेपणा.

घराण्याचा विषय निघाला की ते सावरून बसतं, कारण घराणं खरोखरच मोठं आहे. मूळ गाव कोल्हापूर. शाहू महाराजांनी 1901 साली तिथं मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभं केलं आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शहरात शाळा होती, पण राहायला जागा नव्हती आणि शिजवून घालणारं कोणी नव्हतं. महाराजांनी नेमकी ती गाठ सोडवली. मात्र ज्याची त्याची पंगत वेगळी होती. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्याच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधला एक धिप्पाड विद्यार्थी जाऊन आला. आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसू नये असा दंडक होता. तो त्यानं मानला नाही आणि बोर्डिंगनं त्याला बाहेर काढलं. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

बोर्डिंगच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती त्यानं पुढे अशी भरून काढली की तोड नाही. भाऊरावांनी 4 ऑक्टोबर 1919 ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथं बोर्डिंग सुरू झालं. या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एका चुलीवरचं खात आणि ती चूलही स्वतःच पेटवत. 1927 च्या फेब्रुवारीत गांधीजी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. साताऱ्याला जो दिमाख आला तो इथून.

त्या दिमाखामागे एका बाईचे हात आहेत, हे बोर्डिंग कधी विसरत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ घरातल्या. त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांना आपली पोरं मानून वाढलं, आजारपणं काढली, आणि कोठीत धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिलं. 1930 साली त्या गेल्या. बोर्डिंग एरवी हिशोबाला पक्कं, पण त्या मंगळसूत्राचं ऋण अजून फिटलेलं नाही, असं ते स्वतःच मानतं.

भाऊरावांचा आग्रह असा, की फुकट कोणी राहायचं नाही आणि पैसे नाहीत म्हणून कोणी परत जायचं नाही. या दोन वाक्यांत बोर्डिंगचा सगळा स्वभाव आला. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेव्हा 'कमवा आणि शिका' ही रीत कॉलेजच्या पायरीवर आली. पोरं शेतात राबली, बांधकामावर खपली आणि त्या घामावर शिकली. बॅरिस्टर पी. जी. पाटील याच घरातले. ते पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुणे विद्यापीठानं आपल्या 'कमवा व शिका' योजनेला भाऊरावांचंच नाव दिलं आहे. बीडकडून पुण्याला शिकायला आलेली कितीतरी पोरं सकाळी विद्यापीठाच्या बागेत नाहीतर ग्रंथालयात तास भरतात आणि मेसचं बिल भागवतात. पुण्यातच अच्युतराव आपट्यांनी 1955 साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, तीही खेड्यातल्या मुलांच्या मुक्कामाची अडचण ओळखूनच.

आमच्या मराठवाड्यात निजामाच्या काळात शाळाच विरळ, तर बोर्डिंग कुठलं! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढे त्याचं नाव मिलिंद झालं. तेव्हा गावोगावची पोरं एक पेटी घेऊन तिथल्या वसतिगृहात शिरली. त्या पेट्यांतून मराठवाड्याच्या पुढच्या पिढ्या बाहेर आल्या.

या माणसाची भावकी परदेशातही आहे. रिचर्ड शिरमान नावाचा जर्मन शिक्षक 1909 साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वादळानं गाठलं आणि रात्र एका शाळेत काढावी लागली. त्यातून तरुणांच्या स्वस्त मुक्कामाची कल्पना त्याला सुचली आणि 1912 साली आल्टेना गावच्या किल्ल्यात वसतिगृह उभं राहिलं. जगभर पसरलेल्या युथ हॉस्टेलांचं ते मूळ. तिथंही जुनी रीत अशीच होती, की पाहुण्यानं निघण्याआधी केर काढायचा, भांडी विसळायची.

आता त्या भावकीत नवी पिढी आली आहे. दिवसाचे चार-पाच तास काम करायचं आणि बदल्यात पलंग मिळवायचा. काम म्हणजे चादरी बदलणं, न्हाणीघर धुणं, सकाळचा नाश्ता मांडणं, नाहीतर रात्री काउंटरवर बसून उशिरा आलेल्यांना किल्ली देणं. वर्कअवे, वर्ल्डपॅकर्स अशा संस्था हे जुळवून देतात आणि आपल्याकडची मुलंमुलीही लिस्बनला, हनोईला अशी राहतात. जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की पैसे हातात पडले नाहीत तरी अनेक देशांत हे कामच धरतात आणि पर्यटकाच्या व्हिसावर ते चालत नाही. आधी त्या देशाचा नियम वाचावा.

या परदेशी भावंडाचा स्वभाव थोडा अलिप्त. तुम्ही जेवलात का, हे ते विचारणार नाही. पण तास मोजून घेतं. पाच म्हणजे पाच. सहाव्या तासाला तुम्ही समुद्रावर. आपल्या बोर्डिंगला नेमकी हीच शिस्त शिकायची गरज आहे. त्याला घड्याळ फक्त पहाटेचं कळतं. कामाला लावलं की ते विसरून जातं, आणि परीक्षा आठ दिवसांवर आलेलं पोर अजून धान्य निवडत बसलेलं असतं. जिथं गृहपती चांगला, तिथं तो आपण होऊन तक्ता बदलतो आणि दहावीच्या पोरांना फेब्रुवारीपासून मोकळं सोडतो. जिथं तसा नाही, तिथं पोरांच्या कष्टांवर दुसऱ्याच कोणाचं तरी घर चालतं. तसल्या जागेला मी बोर्डिंग म्हणणार नाही.

वयाचाही विवेक हवा. कॉलेजातल्या पोरानं कामाच्या बदल्यात राहावं, त्यात त्याचा मान आहे. चौथीतल्या लेकरानं आपलं ताट धुवावं, आपलं अंथरूण घडी करावं, बस्स. राहण्याची किंमत त्याच्याकडून घेऊ नये. ती आईबापांनी उसाच्या फडात आधीच मोजलेली असते. म्हणून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची वसतिगृहं सरकारनंच चालवली पाहिजेत. संत भगवानबाबांच्या नावाची तशी योजना 2021 साली मंजूरही झाली: 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, तालुक्याला एक मुलांचं, एक मुलींचं. बोर्डिंगच्या घरात मुलींना अशी निम्मी जागा मिळणं, ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. फडावर गेलेल्या मुलीचं लग्न लवकर उरकतात. बोर्डिंगात राहिलेल्या मुलीच्या लग्नाचा विषय निदान दहावीपर्यंत सहसा कोणी काढत नाही.

तेव्हा नांदूरघाटच्या आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांना, सरपंचांना, थोरल्या भावंडांना एकच विनंती. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्याआधी घरोघर जाऊन विचारा, कोणाचं लेकरू यंदा फडावर चाललंय. शाळेचा दाखला आणि आईबापांचं ओळखपत्र बरोबर घ्या, आणि त्या लेकराला जवळच्या वसतिगृहात नेऊन दाखल करा. मुलगी असेल तर आधी तिला न्या.