परतलेल्या रथाचे घोडे

घोड्याची अयाळ जमेना म्हणून मी दोन महिने बेचैन होते, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. आमच्या घरातही हसलेच. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, घोडा झालाय ना? मग केसांचं काय एवढं?" त्याला काय सांगायचं! घोडा झाला होता, पण तो जिवंत वाटत नव्हता. आणि त्याचं कारण केसच होते.

झालं असं. आमच्या बस्तीत नेमिनाथ भगवंतांच्या चरित्रावर कार्यक्रम बसवायचं ठरलं. बेळगावकरांना नेमिनाथ काही लांबचे नाहीत. किल्ल्यातली कमल बस्ती त्यांचीच. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज, त्यानं १२०४ साली ती बांधवली. छताला लोंबणारं बहात्तर पाकळ्यांचं दगडी कमळ बघत आमचं लहानपण गेलं. तर महिला मंडळानं ठरवलं, नेमिनाथांच्या वैराग्याचा प्रसंग रंगमंचावर दाखवायचा आणि मागं बारा बाय आठ फुटांचा पडदा लावायचा. लग्नाला निघालेला रथ, वाटेत कोंडलेली जनावरं, त्यांचा आक्रोश ऐकून परत फिरणारा रथ. बाजारात तयार चित्रं मिळतात, पण ती सगळ्यांनी शंभरदा पाहिलेली. मी पटकन बोलून गेले, "मी काढते."

तीन वर्षांपूर्वी मुलानं त्याची जुनी पेन टॅबलेट माझ्याकडे टाकली, तेव्हापासून मी संगणकावर चित्रं काढायला लागले होते. क्रिता नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातच सगळं चालतं. त्याआधी कॉलेजच्या दिवसांत मी जलरंगात काढायची. ते सुटलं त्याचं एक कारण संसार, आणि दुसरं ब्रश. चांगले म्हणून जे बारीक टोकाचे ब्रश मी जपून वापरत होते, ते कशाचे असतात हे उशिरा कळलं. कुठला खारीच्या केसांचा, कुठला परदेशी मुंगसासारख्या जनावराच्या शेपटीचा. आपल्याकडे तर खुद्द मुंगसाच्या केसांचे ब्रश कायद्यानं बंदी असूनही चोरून विकले जात. पाणी गाळून पिणाऱ्या घरात मी ते ब्रश धुऊन देवळीत ठेवत होते! कळलं त्या दिवशी सगळे उचलून ठेवले, ते पुन्हा काही काढले नाहीत. संगणकावरच्या ब्रशला केसच नसतात, हा मला मोठा दिलासा होता. आणि गंमत अशी, की केस नसलेल्या ब्रशानंच आता मला केस काढायचे होते.

पहिल्या आठवड्यात मी जे करायचं नसतं तेच केलं. सॉफ्टवेअरमध्ये केसांचा तयार ब्रश असतो. एकदा फिरवला की पन्नास रेघा एकदम उमटतात. मी तो मानेवरून खाली ओढत गेले. लांबून बघितलं तर घोड्याच्या मानेवर शेवया वाळत घातल्यासारख्या! सगळ्या एका जाडीच्या, एका अंतरावर, एका दिशेनं. शेपटी तर नवी केरसुणी. मग मी चिडून चित्र मोठं करून एकेक केस हातानं काढायला बसले. तीन दिवसांत मानेचा चतुर्थांश भागही झाला नाही, आणि जो झाला तो तारेच्या जाळीसारखा दिसत होता.

मग मी मोठ्यांची चित्रं बघायला लागले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराचा एक घोडा आहे, व्हिसलजॅकेट नावाचा, १७६२ च्या सुमाराचा. जवळजवळ खऱ्या आकाराचा, मागं काही नाही, नुसता घोडा. तांबूस अंग आणि फिकी अयाळ. पडद्यावर मोठा करून बघितला तेव्हा लक्षात आलं, की हा माणूस केस मोजत बसलेला नाही. त्यानं बटा काढल्यात. पण पुढं वाचलं की या स्टब्सनं एका खेड्यात राहून दीड वर्ष मेलेल्या घोड्यांची चिरफाड करून त्यांचे स्नायू आणि हाडं अभ्यासली आणि १७६६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. ते वाचून मी टॅबलेट बंद केली. त्या ज्ञानातलं थोडं आता माझ्या हातातही येणार होतं. घ्यावं की न घ्यावं? मी घेतलं. पण मनाशी ठरवलं, की बाकीचं जिवंत घोड्याकडूनच शिकायचं.

जिवंत घोडा आता बेळगावात शोधावा लागतो. लहानपणी स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग असायची, आता वरातीचे घोडे तेवढे दिसतात. ओळखीनं एका चाचांकडे गेले. त्यांची पांढरी घोडी, शेपटीच्या शेंड्याला मेंदी लावलेली. चाचा म्हणाले, "बाई, मागं उभ्या राहू नका. बाजूला या." त्यांनी शेपटी हातात घेतली आणि मला चाचपून बघायला लावली. मुळाशी हाड असतं, त्यावर केस दोन्ही अंगांनी उगवतात. हाड संपलं की खाली नुसते केस. म्हणून शेपटी वरच्या भागात काठीसारखी वळते आणि खाली पाण्यासारखी पडते. माझ्या चित्रातली शेपटी मुळापासून टोकापर्यंत एकसारखी लोंबत होती, कारण मी हाडच घातलं नव्हतं! अयाळ दोन कानांच्या मधून सुरू होते आणि मानेच्या वरच्या कडेनं खांद्यापर्यंत जाते. बहुतेक केस एका बाजूला पडतात, पण काही हट्टी दुसऱ्या बाजूलाच जातात. "कितीही विंचरा, या तिकडंच जाणार," चाचा म्हणाले. ते शेपटी खालून विंचरत होते. आधी शेंडे, मग थोडं वर, मग आणखी वर.

घरी येऊन सांगितलं तर आक्का म्हणाली, "त्यात काय नवीन? मी तुझी वेणी अशीच घालत होते की."

आक्का माझी थोरली बहीण. दहा वर्षांनी मोठी. आई-वडील गेल्यापासून आमच्याकडेच असते. यंदा तिचा उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही, म्हणून तिचे केस मी विंचरते. एके काळी तिची वेणी गुडघ्याला लागायची. आता बोटभर उरलीय. त्या दिवशी सकाळी तिचे केस सोडून बसले आणि विंचरायच्या ऐवजी बघतच राहिले. केस कुठेच एकेकटे नव्हते. आधी चार-पाच मोठ्या बटा, कुठली जाड कुठली पातळ, एक दुसरीवरून गेलेली. बटांच्या खाली अंधार. बट जिथं वळते तिथंच उजेड चमकतो, सगळ्या लांबीवर नाही. आणि एकेक केस म्हणावा असा फक्त कडेला, कानाजवळ, शेंड्याला.

"काय करायलीस ग मागं? झोपलीस?"

"आक्का, हलू नकोस."

त्या दुपारी मी जुने केस सगळे पुसून टाकले. नवा लेयर घेतला आणि अयाळीचा नुसता आकार एका गडद राखाडी रंगात भरला. एकही केस नाही. दुसऱ्या लेयरवर मधल्या रंगानं बटा ओढल्या. पेन मुळाशी दाबून, शेंड्याला उचलून. हात घाबरला की रेघ थरथरते, म्हणून मनगट न हलवता कोपरापासून ओढायची. रांगोळीची ओळ ओढतो तशी. मग उजेड, पण फक्त वळणांवर. पांढऱ्या घोड्याचे केस पांढरे नसतातच. सावलीत निळसर, शेपटीच्या टोकाकडे पिवळट. खरा पांढरा अगदी शेवटी, चिमूटभर, मीठ टाकतो तितका. मानेवर अयाळीची सावली घातली तेव्हा केस मानेवर टेकले, नाहीतर ते तरंगत होते. आणि सगळ्यात शेवटी दहा-बारा सुटे केस, वाट चुकलेले, चाचांच्या त्या हट्टी केसांसारखे. मोजून दहा-बारा. दोन महिने मी शेवटच्या पायरीपासून सुरुवात करत होते.

चित्र आरशातल्यासारखं उलटं करून बघितलं, बारीक करून बघितलं. घोडे जिवंत झाले होते. मी आक्काला हाक मारली.

आता थोडं मागं जायला हवं. १९८१ साली आक्काचं लग्न ठरलं होतं. मी बारा वर्षांची. मांडव पडला होता, हळद लागली होती, मुलगा फुलांनी सजवलेल्या टांग्यातून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. तिथं काही बोलणी झाली. स्कूटरचा विषय होता, एवढं मला नंतर कळलं. दादांनी हात जोडले, सुगीपर्यंत मुदत मागितली. टांगा परत फिरला. आक्का माडीच्या खिडकीत उभी होती. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. पुढं आक्का शिक्षिका झाली, तीस वर्षं पोरांना शिकवलं, दादांचं दुकानाचं कर्ज फेडलं, माझं शिक्षण केलं. लग्नाचं नाव तिनंही काढलं नाही आणि काढू दिलं नाही.

हे सगळं मला माहीत असताना मी तिला हे चित्र दाखवायला बोलावलं. घोड्यांच्या केसांत इतकी बुडाले होते, की चित्र कशाचं आहे हेच विसरले होते. ती खुर्चीत बसली तेव्हा ध्यानात आलं आणि माझ्या पोटात धस्स झालं.

आक्कानं चष्मा सारखा केला, बराच वेळ बघितलं. "केस चांगले झालेत," ती म्हणाली. मग बोट उचललं. "ही कोण?"

मागच्या महालाच्या झरोक्यात मी राजुल काढली होती. अंगठ्याएवढी. हातात वरमाला, डोळ्याला पदर. सगळ्या चित्रांत असते तशी.

"राजुल," मी म्हटलं.

"ती रडत नसणार ग," आक्का म्हणाली. "इतक्या लगेच रडू येत नाही. मी तर घोड्याची शेपूट बघत होते."

मी काहीच बोलले नाही.

"टांगा वळला ना, तेव्हा घोडा आडवा झाला. मान टांगेवाल्याच्या लगामाला गेली इकडं, केस अजून तिकडंच. शेपूट एकदा गोल फिरली. माशी हाकलायला असेल. मग घोडा दिसेना, नुसता टांगा. मला आजही चेहरा कुणाचा आठवत नाही. शेपूट आठवते." मग थोड्या वेळानं, "तुझ्या घोड्यांना अजून कळलंच नाही ते वळलेत ते. केस सरळ मागं उडायलेत."

खरंच होतं. मी घोडे सरळ धावताना काढून तसेच वळणावर ठेवले होते. घोडा वळला तरी केसांना ते क्षणभर उशिरा कळतं. त्या क्षणाचंच तर चित्र होतं.

मी हळूच विचारलं, "आक्का, हे चित्र नको वाटत असेल तर..."

"का नको? नेमिनाथ परत फिरले ते जनावरांच्या करुणेनं. आमच्याकडचे फिरले ते स्कूटरसाठी. दोघांची गल्लत मी कधी केली नाही, तू करू नकोस." मग उठता उठता म्हणाली, "आणि राजुल खिडकीत राहिली नाही. गिरनार चढली. आर्यिका झाली. ते कुणी काढत नाही."

पुढचे आठ दिवस मी चित्र जवळजवळ नव्यानं केलं. बघणारा आता राजुलच्या बाजूला उभा आहे. रथ वळतोय, घोडे आडवे झालेत. अयाळ वळणाच्या बाहेर फेकली गेलीय, कपाळावरची बट डोळ्यावर आलीय. जवळच्या घोड्याची शेपटी मुळाशी उचललेली आणि खाली गोल फिरलेली. आणि राजुल झरोक्यात नाही. ती दाराशी आहे, पुरुषभर उंच, एक पाऊल उंबऱ्याबाहेर. तिचे केस मी मोकळे ठेवले नाहीत. जाड वेणी घातली, गुडघ्यापर्यंत.

मंडळात थोडी कुरकुर झाली. एक बाई म्हणाल्या, राजुल फार मोठी झाली, लोकांचं लक्ष भगवंतांकडे जाणार नाही. आमच्या उपाध्यांनी निवाडा दिला, "जाईल. तिचंही लक्ष तिकडंच आहे." पडदा छापून आला. बारा फुटांवरही शेवया दिसल्या नाहीत.

कार्यक्रमाला आक्का तिसऱ्या रांगेत बसली होती. नेमिनाथ झालेल्या पोरानं दागिने उतरवले तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. आक्का पडद्याकडे बघत होती. घरी येताना रिक्षात म्हणाली, "शेपूट बरोबर आलीय." मग म्हणाली, "उद्या ते चित्र माझ्या मोबाइलात घालून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे केस विंचरून झाल्यावर मी ते घालून दिलं.