‘जरा अवघड आहे’ म्हणजे नक्की किती?

लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन. शनिवार सकाळ. तिकिटाच्या खिडकीशी जाऊन मी अगदी छातीठोकपणे म्हणालो, ‘टू रिटर्न्स टु ग्लाउसेस्टर, प्लीज!’

काचेपलीकडच्या बाईंनी एक भुवई किंचित वर उचलली. ‘ग्लॉस्टर?’

झाला पचका! स्पेलिंगमध्ये भारंभार अक्षरं घालायची आणि उच्चारताना त्यातली निम्मी गिळून टाकायची, ही ब्रिटिशांची जुनी खोड. पण खरा धक्का पुढेच होता. माझ्यामागे उभा असलेला अमेरिकन सहकारी गालातल्या गालात हसत होता. ‘मी बॉस्टनच्या उत्तरेकडचा,’ तो म्हणाला. ‘आमच्याकडेही एक ग्लॉस्टर आहे. मासेमारीचं बंदर. आणि आम्हीही ग्लॉस्टरच म्हणतो.’

अमेरिकनांना ब्रिटिश गावांची नावं उच्चारता येत नाहीत, हा माझा लाडका समज तिकीट हातात पडायच्या आतच निकालात निघाला. त्या दिवशी असे आणखी बरेच समज निघायचे होते...

पण हा माणूस सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर स्टेशनवर काय करत होता? सांगतो. कारण त्यात थोडी माझीही चूक आहे.

आमच्या प्रोजेक्टवर तीन बाजू होत्या. क्लायंटकडची ब्रिटिश मॅनेजर, बॉस्टनहून महिनाभरासाठी आलेला हा रिलीज लीड आणि मध्ये पुण्याहून ऑनसाइट आलेला मी. आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारची मीटिंग. मॅनेजरबाईंनी टेस्टिंगचा रिपोर्ट चाळला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘क्वाइट गुड. एक-दोन छोट्या शंका आहेत. तुमच्या जागी मी असते, तर कदाचित पुन्हा एकदा नजर टाकली असती.’

‘ऑसम! ग्रेट पॉइंट!’ आमचा बॉस्टनकर म्हणाला. मीटिंग संपली आणि शनिवारी रात्री ठरल्याप्रमाणे रिलीज झालासुद्धा!

खरं सांगू? मला कळलं होतं. बाई ‘थांबा’ म्हणत होत्या. शेवटी पुणेकर आहे मी. ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘या एकदा निवांत’ म्हणजे ‘आज नको’, हे आम्हाला बाळकडूबरोबरच पाजतात. शिवाय ‘क्वाइट’ या शब्दाची गंमतही ठाऊक होती. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला ‘ठीक आहे, बरं आहे’ म्हणायचं असतं. अमेरिकन कानाला तेच ‘खूपच छान’ असं ऐकू येतं. कळूनही मी गप्प बसलो. मनात म्हटलं, दोघांचीही मातृभाषा इंग्लिश. मी पाचवीपासून एबीसीडी गिरवणारा. यांच्यामध्ये दुभाषा म्हणून मी कशाला नाक खुपसू?

रविवारी पहाटे सगळी सिस्टीम आडवी झाली. त्याच दिवशी दुपारी बॉस्टनकराचं घरी जायचं विमान होतं. मंगळवारी त्याच्या मुलीचा सातवा वाढदिवस. तिकीट रद्द झालं. वाढदिवसाचा केक त्याने ऑफिसातल्या खुर्चीत बसून व्हिडिओ कॉलवर बघितला.

‘एवढं गंभीर होतं, तर ती बोलली का नाही?’ तो वैतागून म्हणाला.

‘बोलली होती,’ माझ्या तोंडून निसटलं.

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. ‘म्हणजे तुला कळलं होतं?’

त्या रात्री रूममेटला हे सगळं सांगितलं. तो पक्का कोल्हापूरचा. म्हणाला, ‘लेका, कळलं हुतं तर बोलायचं की! तोंडात काय मिठाची गुळणी धरली हुतीस?’

म्हणून मग, ‘शनिवारी कुठेतरी जाऊया, माझ्यातर्फे,’ असं मी बॉस्टनकराला सुचवलं. त्याने लगेच सांगितलं, ओरिजिनल ग्लॉस्टर बघायचंय!

इंग्लिशमधून इंग्लिशमध्ये

पॅडिंग्टनहून ग्लॉस्टर साधारण दोन तासांवर. स्विंडन मागे पडलं की हिरव्या टेकड्या सुरू होतात. स्टेशनवर उतरून दहा-बारा मिनिटं चाललं की समोर कथीड्रलचा उंच मनोरा. आम्ही शिरलो ते थेट तिथल्या प्रसिद्ध व्हरांड्यांमध्ये. चौदाव्या शतकातलं काम. वरच्या दगडी छतावर एकाशेजारी एक पंखे उघडून ठेवावेत तशी नक्षी. मान दुखेपर्यंत बघत राहावं असं!

आणि हो, हे व्हरांडे तुम्ही आधीच पाहिलेले आहेत. हॅरी पॉटरच्या सिनेमात हॉगवर्ट्सचे कॉरिडॉर म्हणून. बॉस्टनकराने मुलीसाठी धडाधड फोटो काढले. मग म्हणाला, ‘आमच्याकडे पहिल्या पुस्तकाचं नावच वेगळं आहे, माहितीये?’ खरंच की! ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये आलेलं ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ १९९८ मध्ये अमेरिकेत पोचलं ते ‘सॉर्सरर्स स्टोन’ होऊन. तत्त्वज्ञाचं नाव बघून अमेरिकन मुलं पुस्तक उचलणार नाहीत, ही भीती. २००१ च्या सिनेमात तर त्या दगडाचा उल्लेख असलेले प्रसंग दोन-दोनदा चित्रित केले, एकदा या नावाने, एकदा त्या. साउथचा सिनेमा आपण हिंदीत डब करतो ना, तसंच. फक्त इथे इंग्लिशमधून इंग्लिशमध्ये!

आत मुख्य भागात एक सत्तरीचे आजोबा भेटले. तिथले स्वयंसेवक गाइड. ब्रिटिश माणूस अनोळखी माणसाशी हवामानापलीकडे बोलत नाही म्हणे. या आजोबांनी आम्हाला पाऊण तास सोडलं नाही! बॉस्टनकर अमेरिकन आहे कळल्यावर तर त्यांनी त्याला जवळजवळ ओढतच एका स्मृतिफलकापाशी नेलं. फलक जॉन स्टॅफर्ड स्मिथचा. जन्म ग्लॉस्टर, १७५०. वडील याच कथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवायचे. लंडनमध्ये गाण्याची हौस असलेल्या सभ्य गृहस्थांचा एक क्लब होता, त्या क्लबच्या गीताला या स्मिथने चाल लावली. १८१४ मध्ये ब्रिटिश नौदलाने बाल्टिमोरच्या किल्ल्यावर रात्रभर तोफा डागल्या. ते पाहून फ्रान्सिस स्कॉट की या अमेरिकन वकिलाने कविता लिहिली आणि ती बसली नेमकी याच चालीवर. १९३१ मध्ये ते अमेरिकेचं अधिकृत राष्ट्रगीत झालं.

म्हणजे बघा, राष्ट्रगीत ब्रिटिशांच्या तोफांविरुद्धचं, आणि चाल ब्रिटिशांच्या क्लबातली!

अमेरिकन माणूस म्हणजे मोठा आवाज, असा माझा आणखी एक समज. बॉस्टनकर त्या फलकासमोर काही मिनिटं एक अक्षर बोलला नाही. बडबड चालली होती ती आजोबांची.

एक शब्द, एक टेकडी

मग आजोबा आम्हाला दगडात कोरलेल्या एका लहानशा क्रॉसपाशी घेऊन गेले. आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

कोरियाचं युद्ध. एप्रिल १९५१. इमजिन नदीच्या काठावर ब्रिटिशांची २९ वी ब्रिगेड अमेरिकन डिव्हिजनच्या हुकमाखाली लढत होती. चिनी सैन्याचा लोंढाच आला. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन एका टेकडीवर चहूबाजूंनी वेढली गेली. ब्रिटिश ब्रिगेडिअर ब्रॉडी यांनी अमेरिकन जनरल सोल यांना परिस्थिती कळवली. काय शब्दांत? ‘अ बिट स्टिकी’. म्हणजे, जरा अवघड आहे.

ब्रिटिश कानाला याचा अर्थ एकच: आम्ही संपत आलोय. अमेरिकन कानाला ऐकू आलं: कठीण आहे, पण निभावतोय. माघारीचा हुकूम वेळेत आला नाही. तो आला तेव्हा वेढा आवळला गेला होता. पाचशेहून अधिक जण चिन्यांच्या कैदेत गेले. टेकडीवरून निसटून आपल्या सैन्यापर्यंत पोचले ते जेमतेम चाळीसेक. ती टेकडी आता ग्लॉस्टर हिल म्हणून ओळखली जाते. बटालियनचे प्रमुख कर्नल कार्न यांना पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोरचा तो दगडी क्रॉस त्यांनीच कोरलेला, चिनी कैदेत असताना.

आता, एवढं सगळं निव्वळ एका शब्दामुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. समोर सैन्य प्रचंड होतं आणि मदतीला निघालेल्या तुकड्यांनाही वाट कापता आली नाही. पण सत्तरहून अधिक वर्षांनंतरही ग्लॉस्टरमध्ये हा शब्द विसरलेले नाहीत, यात सगळं आलं.

‘त्या जनरलच्या जागी मी असतो,’ बॉस्टनकर बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, ‘तर मीही तेच समजलो असतो.’ मग जरा थांबून, ‘गेल्या शुक्रवारी समजलोच की.’

चहा, स्कोन आणि ‘म्हणजे?’

कथीड्रलपासून जुन्या डॉक्सपर्यंत रमतगमत चालत जाता येतं. लाल विटांची उंच गोदामं आणि पाण्यात उभ्या असलेल्या बोटी. ग्लॉस्टरशायरच्या सैनिकांचं म्युझियमही तिथेच आहे. आम्ही पाण्याकाठी चहा घेतला. माझ्या बॅगेत एक छोटं पुस्तक होतं, लंडनमध्ये घेतलेलं. १९४२ मध्ये ब्रिटनला जाणाऱ्या आपल्या सैनिकांसाठी अमेरिकेच्या युद्ध खात्याने एक मार्गदर्शिका छापली होती, तिची नवी आवृत्ती. त्यात सैनिकांना काय सांगितलंय? ब्रिटिश अबोल दिसले तरी तुसडे नाहीत. बढाया मारू नका. तुमचा पगार त्यांच्या सैनिकांपेक्षा जास्त आहे, त्याचं प्रदर्शन नको. राजावर टीका नको. आणि त्यांना कॉफी जमत नाही, तसा तुम्हाला चहा जमत नाही, तेव्हा फिट्टंफाट!

बॉस्टनकर खो-खो हसला. चहा खरंच जमत नाही, हे त्याने मान्य केलं. मग अचानक कप खाली ठेवला.

‘एक मिनिट. मी तिला “ऑसम, ग्रेट पॉइंट” म्हणालो होतो ना? आमच्याकडे ते जवळपास “ओके” सारखं असतं. पण तिने ते खरं मानलं असेल. तिला वाटलं असणार, याला पटलंय, हा पुन्हा तपासणार!’

मी फक्त तिचं वाक्य उलगडत बसलो होतो. त्याचं वाक्यही तिला तितकंच परकं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती कमी करून बोलते, हा वाढवून बोलतो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक.

चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या इतिहासात असाच किस्सा लिहून ठेवलाय. वॉशिंग्टनच्या बैठकीत ब्रिटिशांना एक मुद्दा ‘टेबल’ करायचा होता, म्हणजे लगेच चर्चेला घ्यायचा होता. अमेरिकेत ‘टेबल’ करणं म्हणजे बाजूला ठेवून देणं. बराच वेळ जोरदार वाद झाला. आणि शेवटी कळलं, दोघांनाही एकच हवं होतं!

यांच्यापैकी कोणीच ‘म्हणजे?’ असं का विचारलं नाही? कारण भाषा एकच होती ना! जपानी किंवा फ्रेंच माणसासमोर ते दहादा विचारतील. आपल्याच भाषेतल्या माणसाला अर्थ कोण विचारतो? ‘ब्रिटिश शिष्ट’ आणि ‘अमेरिकन बोलघेवडे’ हे शिक्के यातूनच पडतात. अर्थ विचारण्याऐवजी स्वभावाला नाव ठेवलं की काम सोपं होतं.

आणि आपण? आपण ही भाषा शब्दकोश उघडून शिकलो. ‘म्हणजे?’ विचारायची आपल्याला लहानपणापासून सवय. कॉर्पोरेट मीटिंगमध्ये मात्र आपण ती सवय लाजून खिशात घालतो. खरं तर त्या टेबलाशी ‘म्हणजे?’ विचारण्याचा हक्क सर्वांत जास्त आपलाच!

‘सॉरी,’ मी म्हणालो. ‘मी बोलायला हवं होतं.’

तो ‘नो प्रॉब्लेम’ म्हणेल असं वाटलं होतं. अमेरिकन आहे ना. तो म्हणाला, ‘हो. हवं होतं.’ आणि उरलेला स्कोन माझ्याकडे सरकवला.

सोमवारची मीटिंग. नव्या प्लॅनवर नजर टाकून मॅनेजरबाई म्हणाल्या, ‘हम्म... इंटरेस्टिंग.’ बॉस्टनकराने माझ्याकडे बघितलं. मी घसा खाकरला. ‘इंटरेस्टिंग म्हणजे? करायचं की नाही करायचं?’

खोलीत शांतता. चारचौघांत पायातले बूट काढायला सांगावेत, तसा बाईंचा चेहरा झाला. मग त्या म्हणाल्या, ‘नाही. असं करायचं नाही.’

बॉस्टनकराने ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. रिलीज आठवडाभर पुढे गेला. गुरुवारी तो घरी गेला, हॉगवर्ट्सच्या कॉरिडॉरचे सदतीस फोटो घेऊन. मुलीला उशिरा मिळालेली भेट कशी वाटली, असं मी नंतर विचारलं.

‘ऑसम,’ त्याचं उत्तर आलं.

मी लगेच टाइप केलं, ‘म्हणजे?’

ग्लॉस्टरला जाताय?

लंडनहून एका दिवसात सहज जाऊन येता येतं. काही गाड्या थेट आहेत, काहींना स्विंडनला बदलावं लागतं. कथीड्रलला निदान दोन तास द्या, डॉक्ससाठी दुपार ठेवा. आणि तिकीट मागताना मात्र लक्षात असू द्या... ग्लॉस्टर!