भातोडीपासून अमरापूरपर्यंत

नगरहून पूर्वेला थोडं अंतर गेलं की भातोडी पारगाव लागतं. इथला तलाव निजामशाहीतल्या सलाबतखानानं बांधला. मी गेलो ते पाऊस नुकताच उघडला होता तेव्हा. बांधाकडे चालताना चपला चिखलात रुतत होत्या आणि १६२४ ची लढाई पायांनाच कळत होती.

मोगल आणि आदिलशाही फौजा एक होऊन मलिक अंबरवर चालून आल्या होत्या. त्याच्याकडे माणसं कमी. त्यानं तलाव फोडला. रानाचा चिखल झाला, वरून पाऊस, शत्रूची छावणी जागीच अडकली. मग रसद तोडली, रात्री छापे घातले आणि शेवटी थेट हल्ला केला. आदिलशाहीचा मुल्ला महंमद लारी मारला गेला, मोगल सरदार कैद झाले. शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथंच पडले. त्यांच्या समाधीपाशी मी बराच वेळ बसलो. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला नवस केला, म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी, असं परंपरा सांगते. ज्या दर्ग्यानं नाव दिलं, तिथून हे रणांगण एका दिवसाच्या चालीवर आहे.

पुढे करंजीचा घाट, तिसगाव, मग अमरापूर. १६२६ मध्ये अंबरनं इथं देह ठेवला. कबर खुलताबादला आहे. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहिला. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा यानंच राजवंशातल्या मुर्तझाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं. सगळी सत्ता हाती असूनही त्यानं स्वतःला राजा म्हणवलं नाही, आणि मला त्याचं मोठेपण तिथंच दिसतं. अंबरचं कापलेलं मस्तक भाल्यावर आणि जहांगीर त्यावर बाण सोडतोय, असं चित्र मोगल दरबारात काढलं गेलं. प्रत्यक्षात ते मस्तक जहांगीरच्या हाती कधीच लागलं नाही.

त्याच्यामागे निजामशाही दहा वर्षांत संपली. पण संपण्याआधी, १६३३ च्या सुमारास, शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाही वंशातलं एक मूल गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः हाकला. हा धडा अंबरचाच, त्याच्या शेजारी लढताना गिरवलेला. पेमगिरी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. शेवगावात जेवून मी संगमनेरच्या दिशेनं निघालो.