रंगांच्या बाजारात कृष्णधवल

सुरत म्हटलं की आपल्याला साड्या, हिरे, लोचो आणि महाराजांची १६६४ ची स्वारी आठवते. नोकरीमुळे मी काही वर्षं इथे राहतो. शनिवारी मला सुट्टी असते आणि बाजार चालू असतो. मग गळ्यात जुना कॅमेरा अडकवून निघतो. आत ४०० आयएसओचा कृष्णधवल रोल, म्हणजे मोजून ३६ फोटो.

साड्यांच्या शहरात बिनरंगाचे फोटो कशाला, असं मित्र विचारतात. रिंग रोडच्या कापड बाजारात रंगीत फोटो काढला की नजर आधी कापडावर जाते. कृष्णधवल फिल्मवर लाल आणि हिरवी साडी जवळजवळ सारख्याच राखाडी दिसतात. मग दिसतो तो गठ्ठा वाहणारा माणूस. त्याची वाकलेली मान, दोरी धरलेली बोटं.

भर उन्हात एफ १६ आणि १/५०० आधीच लावून ठेवलं की कॅमेऱ्याशी खटपट उरत नाही, माणसाशी बोलता येतं. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात तर बोलल्याशिवाय कॅमेरा उचलूच नये. तिथे दलाल रस्त्यावरच कागदी पुड्या उघडून माल पाहतात. कुणी मान हलवून नको म्हटलं, की पुढे चालायचं.

लिंबायत, उधना, डिंडोलीकडे काम सोपं होतं. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारची कितीतरी कुटुंबं इथे येऊन स्थिरावली. "कोणतं गाव, भाऊ?" विचारलं की उत्तर थेट अहिराणीत येतं.

पण फिल्मचा फोटो लगेच दाखवता येत नाही. अमळनेरकडचे एक हमालदादा मला म्हणाले, "सगळे फोटो काढून नेतात, आमच्या हातात काही येत नाही." ते मनाला लागलं. तेव्हापासून प्रत्येक चांगल्या फोटोच्या दोन प्रिंट काढतो, एक त्या माणसाची. दादांना त्यांची प्रिंट महिन्याने नेऊन दिली. बराच वेळ पाहून म्हणाले, "आधार कार्डानंतर माझा एकट्याचा हाच फोटो."

सुरतेजवळच्या नवसारीत १९१३ साली होमाई व्यारावाला जन्मल्या. देशाच्या या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकाराने नेहरू, माउंटबॅटन यांना कृष्णधवल फिल्मवर टिपलं. ती माणसं इतिहासात राहणारच होती. गठ्ठा वाहणाऱ्या दादांचा मात्र एखादा फोटो तरी त्यांच्या घरात राहावा, एवढंच मला वाटतं.

तुम्हीही कधी असे फोटो काढलेत, तर त्या माणसाची रोजची बसायची जागा लिहून ठेवा. प्रिंट द्यायला परत जावं लागतं, आणि दुसऱ्या भेटीत तो अनोळखी राहत नाही. सुरतेत असाल तर त्या दिवशीचा लोचोही बहुधा तोच खाऊ घालतो.